महागड्या वेगवान मोटारींची किंमत : घडण, सेवा आणि मूल्य

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या वस्तूची किंमत तिच्या गुणांशी कितपत सुसंगत आहे, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे. धान्य, कापड, कोळसा यांसारख्या मालाच्या बाबतीत त्याचे उत्तर बाजारपेठ बऱ्याच अंशी देते. माल डोळ्यांसमोर असतो, विक्रेते पुष्कळ असतात आणि खरेदी वारंवार होत असल्यामुळे ग्राहकाला मागील चूक पुढील वेळी सुधारता येते. मोटारीसारख्या टिकाऊ व गुंतागुंतीच्या यंत्राच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट पुरती खरी नसते. यंत्राचे अंतरंग झाकलेले असते, त्याची परीक्षा होण्यास वर्षे लागतात आणि पुढची खरेदी होईपर्यंत मूळ नमुना बाजारातून नाहीसा झालेला असतो.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप ‘एसयूव्ही’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींतील वेगवान व महाग वर्गात दिसते. उंच बांध्याची, चारही चाकांना शक्ती पुरविणारी ही मोटार मूळची शेतवाडीची आणि कच्च्या रस्त्याची. १९७० साली इंग्लंडात निघालेल्या रेंज रोव्हरने तिला शहरी सुखसोयींची जोड दिली. २००२ साली पोर्शे या जर्मन कंपनीने ‘कायेन’ बाजारात आणून तिला शर्यतीच्या मोटारीचा वेग दिला. कायेनच्या ‘टर्बो’ नमुन्यात ४.५ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्याचा कमाल वेग ताशी २६६ किलोमीटर होता. २०१८ पासून विकल्या जाऊ लागलेल्या लॅम्बॉर्गिनी ‘उरुस’ने हा आकडा ६५० अश्वशक्ती आणि ताशी ३०५ किलोमीटर येथवर नेला.

या मोटारींच्या किमतीचे समर्थन करताना दोन कारणे नेहमी पुढे केली जातात. पहिले असे की, त्यांची घडण इतर मोटारींहून श्रेष्ठ असते. दुसरे असे की, विक्रीनंतर मिळणारी सेवा त्या दर्जाची असते. ही दोन्ही कारणे कितपत टिकतात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. गुणवत्तेचे घटक

‘गुणवत्ता’ हा शब्द एकवचनी असला तरी त्याने सूचित होणारी गोष्ट एक नाही. हार्वर्डमधील व्यवस्थापनशास्त्रज्ञ डेव्हिड गार्विन यांनी १९८७ साली तिचे आठ घटक पाडून दाखविले : कार्यसामर्थ्य, जादा सोयी, विश्वसनीयता, मानकानुरूपता, टिकाऊपणा, दुरुस्तीची सुलभता, बाह्य सौंदर्य आणि लोकांच्या मनातील प्रतिमा. या वर्गीकरणाचे महत्त्व असे की, एका घटकात वरचढ असलेली वस्तू दुसऱ्या घटकात हिणकस असू शकते. किंबहुना, काही घटक परस्परविरोधीही असतात. जादा सोयी वाढल्या की बिघडण्याजोग्या भागांची संख्या वाढते. कार्यसामर्थ्य वाढविण्यासाठी इंजिनाभोवतीची जागा गच्च भरली की दुरुस्तीची सुलभता घटते.

अर्थशास्त्रात हाच विचार निराळ्या मार्गाने विकसित झाला. मोटारीच्या किमतीचे तिच्या वजनात, पुढील व मागील आसांमधील अंतरात आणि अश्वशक्तीत पृथक्करण करण्याचा प्रयत्न अँड्र्यू कोर्ट यांनी अमेरिकेत १९३९ साली केला. झ्वी ग्रिलिचेस यांनी १९६१ साली तीच पद्धत अधिक काटेकोरपणे वापरली. केल्विन लँकेस्टर यांनी १९६६ साली तिला सैद्धांतिक पाया दिला. ग्राहक वस्तू विकत घेत नाही, तर वस्तूत सामावलेल्या गुणधर्मांचा एक समुच्चय विकत घेतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. शर्विन रोझेन यांनी १९७४ साली या गुणधर्मांच्या गर्भित किमती बाजारात कशा ठरतात, हे दाखविले.

या दृष्टीने पाहता, ‘ही मोटार तिच्या किमतीइतकी चांगली आहे काय?’ हा प्रश्न सदोष ठरतो. किमतीचा कोणता अंश कोणत्या गुणधर्मासाठी मोजला जातो आणि तो गुणधर्म खरोखर पदरात पडतो की नाही, असा तो मांडावयास हवा. मात्र एक अडचण लक्षात ठेवली पाहिजे. कोर्ट आणि ग्रिलिचेस यांनी निवडलेले गुणधर्म मोजता येण्याजोगे होते. वजन तोलता येते आणि अश्वशक्ती मोजता येते. परंतु दहाव्या वर्षी यंत्र कसे चालेल, हे विक्रीच्या दिवशी कोणत्याही कोष्टकात लिहिलेले नसते. मोजता येणाऱ्या गुणांची किंमत बाजार बऱ्यापैकी ठरवितो. न मोजता येणाऱ्या गुणांच्या जागी कंपनीचे नाव उभे राहते.

३. वेगाची किंमत

प्रथम कार्यसामर्थ्याचा विचार करू गेल्यास, या ठिकाणी किमतीला भौतिक आधार आहे हे मान्य करावे लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर त्या कामी आठपट शक्ती हवी. उंच व रुंद मोटारीचे समोरचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे हा विरोध मुळातच अधिक असतो. ठेंगण्या मोटारीत जो वेग मध्यम इंजिनाने साधतो, त्यासाठी येथे बरेच मोठे इंजिन बसवावे लागते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न थांबण्याचा आहे. २,३०० किलोग्रॅम वजनाच्या वाहनात ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे ८.९ लाख जूल गतिज ऊर्जा असते. ताशी २५० किलोमीटर वेगाला ती सुमारे ५५ लाख जूल होते. एक हजार किलोग्रॅमच्या लहान मोटारीत ताशी १०० किलोमीटरला ही ऊर्जा ३.९ लाख जुलांच्या आत असते. अर्थात वेगवान एसयूव्हीच्या ब्रेकांना लहान मोटारीच्या ब्रेकांपेक्षा एका दमात सुमारे चौदापट ऊर्जा उष्णतेत परिवर्तित करावी लागेल, असे धरूनच त्यांची रचना करावी लागते. मोठ्या तबकड्या, रुंद टायर, हवेच्या दाबावर चालणारी निलंबन-व्यवस्था आणि शीतकरणाचे अनेक रेडिएटर ही या गणिताची अपरिहार्य फलिते होत. या भागांसाठी मोजलेली किंमत निव्वळ नावासाठी मोजली जाते, असे म्हणता येणार नाही.

परंतु या युक्तिवादाची दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. हे भाग झिजणारे आहेत. वजन आणि शक्ती यांमुळे ते लवकर झिजतात आणि बदलताना पुन्हा त्याच वर्गाची किंमत मागतात. म्हणून कार्यसामर्थ्याची किंमत एकदा मोजून संपत नाही. ती खरेदीच्या वेळी एकदा आणि वापराच्या काळात पुनःपुन्हा मोजावी लागते. शिवाय, विकत घेतलेल्या सामर्थ्याचा उपयोग कितपत होतो, हाही प्रश्न उरतो. जर्मनीतील महामार्गांचे पुष्कळ भाग वेगमर्यादेपासून मुक्त असल्यामुळे तेथे या सामर्थ्याला वापराची जागा आहे. महाराष्ट्रात जून २०२५ मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गावरही मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्यापुढचे सामर्थ्य कायदेशीरपणे वापरता येत नाही. ते केवळ बाळगता येते.

४. घडणीची दोन अंगे

घडणीच्या बाबतीत दृश्य आणि अदृश्य असा भेद करणे आवश्यक आहे. दार लावताना येणारा घुमारेदार आवाज, चामड्यावरील शिवण, पत्र्यांच्या सांध्यांतील एकसारखी फट आणि रंगाचा सखोल तजेला ही दृश्य घडण होय. विक्रीच्या दालनात ग्राहक तीच पाहतो. कंपनीने तिच्यावर केलेला खर्च विक्रीत परत मिळतो. अदृश्य घडण म्हणजे नळ्या, विद्युत्-जोडण्या, रबरी बूच आणि धातूचे कस. तिची परीक्षा पाच-सात वर्षांनी होते आणि तोपर्यंत बहुधा पहिला मालक बदललेला असतो. या भेदातून कंपनीपुढे एक मोह उभा राहतो. ग्राहकाला जे दिसते त्यावर मुक्तहस्ते खर्च करावा आणि जे दिसत नाही तेथे काटकसर करावी, असा तो मोह होय.

कायेनचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. हे वाहन पोर्शे आणि फोक्सवॅगन यांनी संयुक्तपणे विकसित केले. फोक्सवॅगनची ‘टूआरेग’ त्याच सांगाड्यावर उभी राहिली. कायेनची रंगविलेली बॉडी स्लोव्हाकियातील ब्रातिस्लावा येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यात तयार होई आणि अंतिम जुळणी जर्मनीतील लाइपझिग येथे होई. २०१७ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून ही जुळणीही ब्रातिस्लावाला गेली. पुढे कायेनचा जो सर्वांत स्वस्त नमुना निघाला त्यात फोक्सवॅगनचेच ३.२ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. तरीही दोन वाहनांच्या किमतींत लक्षणीय अंतर राहिले. सांगाडा एक असणे हा दोष नव्हे. मोठ्या उत्पादनामुळे मूळ रचनेवर अधिक संशोधन करणे परवडते आणि त्याचा लाभ दोन्ही ग्राहकांना होतो. तथापि यावरून एवढे निश्चित होते की, किमतीतील संपूर्ण अंतर मूळ घडणीतील अंतराने समजावून देता येत नाही.

याच वाहनाच्या पहिल्या पिढीतील आठ सिलिंडरांच्या इंजिनात शीतक द्रव वाहून नेणाऱ्या काही नळ्या प्लॅस्टिकच्या होत्या. त्या सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत, हवा आत घेणाऱ्या नळकांड्याच्या खाली, इंजिनाच्या उष्णतेत बसविलेल्या होत्या. उष्णतेने त्या ठिसूळ होऊन फुटतात आणि इंजिन तापून वाहन रस्त्यात बंद पडते, अशी तक्रार अमेरिकेतील मालकांनी न्यायालयात नेली. निरनिराळे दावे ओहायो राज्यातील संघीय न्यायालयापुढे एकत्र करण्यात आले. त्या न्यायालयाने २०१२ साली त्यांवर महत्त्वाचा प्राथमिक निर्णय दिला आणि पुढे प्रकरण समझोत्याने मिटले. दुरुस्तीत या नळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या बसविल्या जात. कायद्याच्या दृष्टीने दोष कोणाचा, हा मुद्दा येथे गौण आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्व एवढ्याला आहे की, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांच्या नळ्यांतील किमतीचा फरक संपूर्ण वाहनाच्या किमतीपुढे नगण्य होता आणि तरीही वाहनाचा भरवसा त्या नळ्यांवर अवलंबून होता. महाग वाहनातील प्रत्येक भाग महाग असतोच असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

घडणीसाठी अधिक खर्च झाला म्हणजे घडण अधिक चांगली झाली, हे अनुमानही तपासून घेतले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या जागतिक मोटार-संशोधन प्रकल्पातून १९९० साली वोमॅक, जोन्स आणि रूस यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. युरोपातील एका प्रतिष्ठित जर्मन कारखान्यात साखळीच्या शेवटी उभे असलेले कुशल कारागीर तयार मोटारींतील दोष शोधून दुरुस्त करीत. कारखान्याला या कारागिरांचा अभिमान होता. परंतु त्या दुरुस्तीवर जेवढे श्रम खर्ची पडत, तेवढ्याहून कमी श्रमांत जपानी कारखाना जवळजवळ निर्दोष मोटार पहिल्याच प्रयत्नात तयार करी, असे संशोधकांना आढळले. ग्राहक ज्याला कारागिरी समजून पैसे मोजत होता, ती वस्तुतः काही अंशी चुकांची भरपाई होती. स्वतः पोर्शे कंपनीने १९९० नंतरच्या आर्थिक संकटात जपानी सल्लागारांना पाचारण करून आपली उत्पादनपद्धती बदलली. त्यामुळे खर्च उतरला आणि दोषही घटले.

ग्राहकांच्या पाहण्यांतूनही सरळ रेषेचे नाते दिसत नाही. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या मोटारींच्या मूळ मालकांना विचारून दर शंभर वाहनांमागे उद्भवलेल्या तक्रारींची संख्या काढते. २०२२ च्या पाहणीत किया ही मध्यम किमतीची कंपनी सर्व कंपन्यांत पहिली आली आणि सर्वसामान्य वर्गाची सरासरी उंची वर्गापेक्षा चांगली निघाली. त्याच पाहणीत सर्वांत कमी तक्रारींचा नमुना मात्र पोर्शेची ‘९११’ ही महागडी मोटार होती. या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. किंमत अधिक असल्यास विश्वसनीयता अधिक असू शकते, परंतु ती असेलच असे नाही, एवढाच त्यांचा अर्थ. उंची मोटारींतील तक्रारींचा मोठा वाटा पडदे, संवेदक आणि ध्वनि-संचालित यंत्रणांचा असतो. जादा सोयी आणि विश्वसनीयता यांतील वर सांगितलेला विरोध तेथे प्रत्यक्ष दिसतो.

५. भारतातील किमतीचा कर-अंश

भारतीय ग्राहकाच्या बाबतीत आणखी एक घटक विचारात घ्यावा लागतो. येथे मोजली जाणारी किंमत आणि वाहनाचे कारखान्यातील मूल्य यांत राज्यसंस्थेचा मोठा वाटा असतो. २०२४ साली ४०,००० डॉलरहून अधिक मूल्याच्या, पूर्ण बांधणीच्या आयात मोटारीवर सीमाशुल्क व त्यावरील अधिभार मिळून ११० टक्के आकारणी होई. त्यावर मोठ्या एसयूव्हीसाठी वस्तू व सेवा कर २८ टक्के आणि भरपाई उपकर २२ टक्के, असे एकूण ५० टक्के द्यावे लागत. बंदरात १०० रुपये मूल्याने उतरलेली मोटार सीमाशुल्कानंतर २१० रुपयांची आणि पुढील करानंतर ३१५ रुपयांची होई. विक्रेत्याचा नफा, राज्याचा वाहनकर आणि विमा हे त्याहून वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर रद्द होऊन हा कर एकत्रित ४० टक्के झाला. सीमाशुल्क तेच धरल्यास ही रक्कम २९४ रुपये होते.

या गणिताचा परिणाम असा की, जर्मनीतील ग्राहकाला जी घडण एका रकमेत मिळते, तीच घडण भारतीय ग्राहकाला सुमारे तिप्पट रकमेत मिळते. किमतीने ‘गुणवत्तेचे समर्थन’ होते की नाही, हा प्रश्न भारतात विचारताना किमतीच्या दोनतृतीयांश भागाला गुणवत्तेशी काहीच कर्तव्य नाही, हे आधी वजा केले पाहिजे.

पुण्याचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. जग्वार लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी २००८ साली टाटा मोटर्सच्या मालकीची झाली. १९७० पासून केवळ इंग्लंडात बनणारी रेंज रोव्हर २०२४ साली प्रथमच इंग्लंडाबाहेर, पुण्यात, जुळविली जाऊ लागली. या निर्णयाबरोबर संबंधित नमुन्यांच्या किमती सुमारे १८ ते २२ टक्क्यांनी उतरल्या. आराखडा तोच होता आणि सुटे भाग इंग्लंडातूनच येत होते. बदलली ती जुळणीची जागा आणि तिच्याबरोबर कराची श्रेणी. जी किंमत कालपर्यंत घडणीची किंमत म्हणून मोजली जात होती, तिचा पाचवा हिस्सा केवळ सीमारेषेची किंमत होता, हे या एका घटनेने स्पष्ट झाले.

६. सेवेचे अर्थशास्त्र

सेवेचा प्रश्न घडणीच्या प्रश्नाहून अवघड आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग केले. काहींचे गुण खरेदीपूर्वी पाहून कळतात आणि काहींचे वापरल्यावरच कळतात. मायकेल डार्बी आणि एदी कार्नी यांनी १९७३ साली तिसऱ्या वर्गाची भर घातली. या वर्गातील वस्तूंचे गुण वापरल्यानंतरही नक्की कळत नाहीत. ग्राहकाला विश्वासच ठेवावा लागतो. दुरुस्तीची सेवा ही या वर्गाचे ठळक उदाहरण होय. एखादा भाग बदलला गेला तो खरोखर बदलण्याच्या अवस्थेत होता काय, हे मालकाला सहसा कधीच कळत नाही. निदान करणारा आणि उपचार विकणारा एकच असतो.

साध्या मोटारीच्या मालकाजवळ या परिस्थितीवर एक उतारा असतो. गावातील ओळखीचा मिस्त्री, दुसऱ्या गॅरेजमधील चौकशी आणि बाजारात मिळणारे पर्यायी भाग यांमुळे अधिकृत कार्यशाळेच्या बिलावर अंकुश राहतो. महागड्या एसयूव्हीच्या मालकाला हा उतारा क्वचितच उपलब्ध असतो. तिचे दोष शोधण्यास कंपनीची संगणकीय साधने लागतात. अनेक भाग बदलल्यानंतर वाहनाच्या नियंत्रक यंत्रणेत त्यांची नोंद करावी लागते. आणि भाग पुरविण्याचा मार्गही बहुधा एकच असतो. त्यातच अशा वाहनांची अधिकृत सेवाकेंद्रे मुख्यतः महानगरांत असल्यामुळे जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या मालकाला किरकोळ बिघाडासाठीही वाहन दूर पाठवावे लागते. मोटार घेताना ग्राहकापुढे अनेक कंपन्या स्पर्धा करीत असतात. मोटार घेतल्यानंतर त्याच्यापुढे एकच विक्रेता उरतो. सेवेची किंमत या दुसऱ्या, स्पर्धाहीन बाजारात ठरते.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. युरोपीय संघाने २००२ साली मोटार-वितरणासंबंधी नवे नियम करून स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना तांत्रिक माहिती व सुटे भाग मिळण्याची तरतूद केली. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार-उत्पादकांवर एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड बसविला. मूळ सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध न करून या कंपन्यांनी स्पर्धेला बाध आणला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडाची रक्कम पुढे अपिलात वादाचा विषय झाली. तथापि, प्रत्येक कंपनी स्वतःच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रभुत्व बाळगून असते, हे तत्त्व आयोगाने स्पष्ट शब्दांत मांडले. लक्षणीय गोष्ट अशी की, दंड झालेल्यांत स्वस्त आणि महाग अशा दोन्ही प्रकारच्या मोटारी बनविणारे होते. सेवेतील बंदिस्तपणा हा किमतीच्या वर्गावर अवलंबून नसतो. महाग वाहनात त्याचा भार मात्र अधिक जाणवतो.

सेवा किमतीला साजेशी असू शकते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. टोयोटाने १९८९ साली अमेरिकेत ‘लेक्सस’ हे नाव रुजविण्यासाठी एलएस ४०० ही मोटार आणली. थोड्याच महिन्यांत तिच्या काही भागांत दोष आढळला आणि सुमारे ८,००० मोटारी परत बोलावाव्या लागल्या. विक्रेत्यांनी मालकांकडे जाऊन मोटारी नेल्या, दुरुस्त केल्या आणि स्वच्छ करून परत पोहोचविल्या. दोषामुळे जे नाव बुडावयाचे ते या वागणुकीने उलट प्रस्थापित झाले. यातून असा बोध होतो की, सेवा हा यंत्राचा गुणधर्म नाही. तो संघटनेचा गुणधर्म आहे आणि केवळ किंमत वाढविल्याने तो निर्माण होत नाही.

७. जुन्या वाहनांचा बाजार आणि हमी

घडण व सेवा यांविषयीचा खरा निवाडा जुन्या वाहनांच्या बाजारात होतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली याच बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, विक्रेत्याला वाहनाचे दोष ठाऊक असतात आणि ग्राहकाला नसतात. म्हणून ग्राहक सर्वच वाहनांची किंमत पाडून मागतो आणि चांगली वाहने बाजारातून मागे सरतात. २००१ साली त्यांना ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याच्या मुळाशी हा निबंध होता.

महागड्या एसयूव्हीच्या बाबतीत या विश्लेषणाला आणखी एक गोष्ट जोडावी लागते. वाहनाची किंमत वयाबरोबर उतरते. त्याच्या सुट्या भागांची उतरत नाही. दहा वर्षांचे वाहन मूळ किमतीच्या लहानशा अंशात मिळते, परंतु त्याची निलंबन-व्यवस्था वा ब्रेकांच्या तबकड्या नव्या वाहनाच्याच दराने घ्याव्या लागतात. यामुळे एक वेळ अशी येते की, एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या शिल्लक मूल्याला भिडतो. जुने वाहन घेणारा हा भावी खर्च आधीच वजा करतो. अशा मोटारींच्या मूल्यात पहिल्या काही वर्षांत होणारी तीव्र घट ही बऱ्याच अंशी या अपेक्षित खर्चाची आगाऊ वजावट असते. नव्याचे आकर्षण ओसरणे हे तिचे एकमेव कारण नव्हे. ज्या वाहनाच्या टिकाऊपणाविषयी बाजाराची खात्री असते, त्याचे मूल्य सावकाश उतरते. म्हणून मूल्यघटीचा वेग हा जाहिरातीपेक्षा अधिक विश्वसनीय साक्षीदार मानला पाहिजे.

दुसरा साक्षीदार म्हणजे हमी. स्वतःच्या मालाच्या टिकाऊपणाची खात्री असलेला उत्पादक दीर्घ मुदतीची हमी देऊ शकतो. खात्री नसलेल्याला ती परवडत नाही. म्हणून हमी ही गुणवत्तेची खूण ठरते. ह्युंदाई कंपनीचे नाव अमेरिकेत निकृष्ट मालाशी जोडले गेले होते. तिने १९९८ साली इंजिन व शक्तिवहन यंत्रणेसाठी दहा वर्षांची अथवा एक लाख मैलांची हमी जाहीर करून तो समज बदलविला. त्याच देशात जर्मनीतील उंची मोटारींची हमी सर्वसाधारणपणे चार वर्षे अथवा ५०,००० मैल एवढी राहिली. हमीची मुदत हाही विक्रीचा एक डाव असू शकतो आणि तिचा खर्च अखेर किमतीतच मिसळलेला असतो, असा आक्षेप यावर घेता येईल. तो रास्त आहे. परंतु हमीत निदान बिघाडाचा भार उत्पादकाच्या खात्यावर पडतो. निव्वळ चढ्या किमतीत तो मालकाच्याच खात्यावर राहतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. वेगवान एसयूव्हीच्या किमतीचा जो भाग कार्यसामर्थ्यासाठी असतो, त्याला भौतिक खर्चाचा खरा आधार आहे. मात्र तो त्या सामर्थ्याचा वापर करणाऱ्यालाच लाभतो. दृश्य घडणीसाठी मोजलेली किंमतही बहुतांशी पदरात पडते. अदृश्य घडणीच्या बाबतीत किंमत हा पुरावा नाही. एका स्वस्त नळीने संपूर्ण यंत्राची प्रतिष्ठा पणाला लागू शकते. भारतात किमतीचा सर्वांत मोठा भाग कराचा असल्यामुळे तो गुणवत्तेच्या हिशेबात धरताच येत नाही. सेवा तर किमतीत समाविष्ट नसतेच. ती पुढे, स्पर्धा नसलेल्या बाजारात, स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागते.

म्हणून ‘घडण आणि सेवा यांमुळे ही किंमत योग्य ठरते’ हे समर्थन त्याच्या प्रचलित रूपात स्वीकारता येत नाही. किंमत योग्य आहे की नाही, हे विक्रीच्या दिवशी ठरत नाही; हमी संपल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या दुरुस्तीच्या दिवशी ठरते. त्या दिवसाचा अंदाज खरेदीपूर्वी बांधावयाचा असेल, तर किमतीच्या फलकापेक्षा तीन गोष्टी पाहणे अधिक उपयुक्त होय : उत्पादक बिघाडाचा भार किती वर्षे स्वतःवर घेतो, त्याचे सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र मिस्त्रीला मिळतात काय, आणि पाच वर्षांनंतर तेच वाहन बाजारात कितीला विकले जाते. यांपैकी दुसरी गोष्ट एकट्या ग्राहकाच्या हाती नाही. ती कायद्याच्या आणि स्पर्धा-धोरणाच्या कक्षेत येते; आणि तिचा निकाल काही थोड्या श्रीमंतांच्या मोटारींपुरता मर्यादित राहत नाही. जे कुलूप आज महागड्या वाहनाच्या यंत्राला लागले आहे, तेच संगणकीय नियंत्रणाच्या प्रसाराबरोबर ट्रॅक्टरला, रिक्षाला आणि साध्या दुचाकीलाही लागू शकते. या दृष्टीने पाहिल्यास, मूठभर ग्राहकांच्या चैनीचा वाटणारा हा प्रश्न दुरुस्तीवर उपजीविका करणाऱ्या आणि दुरुस्तीवर अवलंबून असणाऱ्या फार मोठ्या समाजाचा प्रश्न ठरतो.